काळ्या मातीत पिनकुशन: नाशिकच्या एका वाफ्याच्या नोंदी

२२ सप्टेंबर

पाऊस ओसरला. फाटकाजवळचा गुलाबाचा जुना वाफा दोन वर्षं रिकामाच आहे. सकाळी नऊपासून साडेचारपर्यंत तिथे ऊन असतं. या जागेवर बुटकं पिनकुशन, म्हणजे स्कॅबिओसा हे फुलझाड, लावायचं ठरवलंय. नर्सरीत नुसतं 'पिनकुशन' म्हटलं की कोणी गोल कॅक्टस पुढे करतो, तर कोणी दक्षिण आफ्रिकेच्या ल्युकोस्पर्ममचा फोटो दाखवतो. म्हणून स्कॅबिओसा म्हणूनच मागावं, आणि पुढचं नावही विचारून घ्यावं.

पुढचं नाव का, तर त्यावरच सगळं ठरतं. अॅट्रोपर्प्युरिया हे हंगामी, दोन ते तीन फूट उंच, फुलदाणीत शोभणारं. कॉकॅसिकाची फुलं मोठी, पण त्याला आपल्यापेक्षा बरीच जास्त थंडी लागते. वाफ्यात बुटकं राहून वर्षानुवर्षं टिकणारं म्हणजे कोलंबारिया. त्याचीच 'बटरफ्लाय ब्लू' ही जात अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने २००० सालची 'वर्षाची वनस्पती' म्हणून निवडली होती. ती जात कलमानेच वाढवतात आणि तिची रोपं इथे कुठे मिळाली नाहीत, म्हणून बियांपासून येणारी बुटकी कोलंबारिया मागवली. दोन विक्रेत्यांकडून एकेक पाकीट, दोन्हीचे मिळून ₹६४०.

आज पाण्याचा निचरा बघितला. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरला, जिरल्यावर संध्याकाळी पुन्हा भरला.

२३ सप्टेंबर

सकाळी खड्ड्यात चार बोटं पाणी उभं. युरोपात हे झाड चुनखडीच्या उतारांवरच्या गवतात आपोआप वाढतं. आपल्या काळ्या मातीत चुना भरपूर आहे, सामू (pH) ७.९ आला, बोअरचं पाणीही क्षाराचं. त्या बाबतीत काहीच करावं लागणार नाही. अडचण आहे ती पाणी धरून ठेवण्याची. जमिनीत लावायचं नाही, जमिनीवर लावायचं.

२९ सप्टेंबर

वाफा उचलला. लांबी १० फूट, रुंदी ४ फूट, उंची ९ इंच. कडेला घराच्या बांधकामातून उरलेले डबर लावले, सिमेंट न भरता, म्हणजे फटींतून पाणी निघून जाईल. आत निम्मा मुरूम, उरलेल्यात चाळलेली काळी माती आणि क्रश सँड, आणि जुनं शेणखत फक्त दोन गोण्या. खालची जमीन कुदळीने उकरून घेतली, नाहीतर वरचं पाणी खालच्या चिकण थरावर येऊन थांबतं.

मुरूम छोट्या टेम्पोने आणला, ₹१,४००. त्यात मालाचे पैसे कमी, भाडंच जास्त. क्रश सँड पाच गोण्या ₹३००. एका माणसाची दिवसभराची मजुरी ₹७००.

माळीदादांना हे काही पटलं नाही. "ताई, एवढा मुरूम? बाग करताय का रस्ता?" त्यांचं आयुष्य गुलाबात गेलेलं. गुलाबाला खत, पाणी, आळं, सगळं भरभरून. मी दुपारी आत गेले तेव्हा उरलेल्या चार गोण्या शेणखत त्यांनी फाटकाकडच्या टोकाला पसरून मातीत मिसळून टाकलं. आता ते काढणं शक्य नाही. त्या टोकाला खूण म्हणून एक वीट उभी केली आहे.

६ ऑक्टोबर

पेरणी. ९८ कप्प्यांचे दोन प्रो-ट्रे, भरायला नुसतं कोकोपीट. बी कागदी झालर असलेलं, हलकं, बोटाला चिकटतं. एका कप्प्यात दोन, वर जेमतेम बी झाकेल इतकाच थर. ट्रे मागच्या गॅलरीत.

२४ ऑक्टोबर

दोन ट्रेमध्ये मिळून तीसेक रोपं, आणि त्यातलीही रोज एकदोन आडवी पडताहेत. रोपाचा देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक होतो आणि माना टाकतात. रोपमर. कारणं दोन. ऑक्टोबर हीटमध्ये गॅलरीत दुपारी ३४ अंश होतं, या बियाला १८ ते २१ अंश लागतात. आणि कोकोपीट वरून कोरडं दिसतं, पण आत पिळून पाणी निघेल इतकं ओलं असतं, त्यात मी वरून रोज झारी मारत होते. कडेच्या, लवकर वाळणाऱ्या कप्प्यांतली रोपं तगली, मधली गेली.

बहुतेक पेरणी पहिल्या पाकिटातून झाली होती. दुसऱ्यातलं बी बरंचसं शिल्लक आहे हे नशीब.

७ नोव्हेंबर

पुन्हा पेरलं. या वेळी कोकोपीट निम्मं, बाकी चाळलेली क्रश सँड आणि थोडं गांडूळखत, चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून. पेरणीनंतर वरून पाणी बंद. ट्रे पाण्याच्या परातीत पाच मिनिटं ठेवायचा, वरची माती गडद दिसली की काढायचा. पुढचं पाणी ट्रे उचलून हलका लागला तरच. रात्री आता १५-१६ अंशांपर्यंत उतरतंय.

२० नोव्हेंबर

शंभरावर रोपं उभी आहेत. मर नाही. यात थंडीचा वाटा किती आणि मिश्रणाचा किती हे वेगळं सांगता येणार नाही, पण मला निवडायला सांगितलं तर मी तारीख निवडेन. आपल्याकडे ऑक्टोबरात पेरू नये. दिवाळीनंतर पेरावं.

१९ डिसेंबर

वाफ्यात लागण. एका फुटावर एक, एकूण ३६ रोपं. उरलेली कुंड्यांत आणि शेजाऱ्यांकडे. पहिल्या पेरणीतून वाचलेली नऊ रोपं कडेच्या ओळीत लावली.

लावताना बघायची गोष्ट एकच. पानांचा झुबका जिथून फुटतो ती मान मातीच्या पातळीच्या किंचित वर राहिली पाहिजे. मी मातीचा गड्डा बोटभर उंच ठेवून लावते, कारण पहिल्या पाण्याला वाफा दबतोच. मानेभोवती ६ मिमी खडीचा थर, दोन बोटं जाड. खडी तीन घमेली, बांधकामाच्या ठिकाणाहून मागून आणली.

२३ डिसेंबर

सकाळी बघते तर प्रत्येक रोपाभोवती छान गोल आळं. खडी बाजूला सारून, माती ओढून, मध्ये रोप, भोवती पाणी. माळीदादा खूश होते. त्यांच्यासमोरच एका आळ्यात तांब्याभर पाणी ओतलं. ते मानेलाच जाऊन थांबलं. मग दोघांनी मिळून उलटं आळं केलं: रोप टेकाडावर, पाणी बाहेरच्या बाजूला. खडी पुन्हा पसरली. अख्खी सकाळ त्यात गेली. "हे तर कांद्याच्या गादीवाफ्यासारखं झालं," असं ते म्हणाले, आणि त्यानंतर मला एकदाही समजवावं लागलं नाही.

३० डिसेंबर

ठिबक. दिराची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, तिथली जुनी इनलाइन नळी (आतच ड्रीपर बसवलेली) आणली, प्रत्येक ड्रीपरमधून तासाला ४ लिटर पाणी देणारी, फुकट. रोपांच्या दोन ओळींच्या मधोमध टाकली, ड्रीपर मानेपासून सहा इंच लांब. आठवड्यातून दोनदा अर्धा तास. क्षारामुळे ड्रीपर बुजतात, म्हणून शेवटची बूच उघडून नळी धुवायची.

११ जानेवारी

कडाक्याची थंडी. निफाडचा पारा आज पुन्हा पेपरात आहे. द्राक्षवाले शेकोट्या पेटवताहेत आणि माझा वाफा मात्र मजेत. पानांचे झुबके जमिनीला टेकून पसरलेत, वाढ दिसत नाही. आधी वाटलं रोपं अडली. एक कडेचं उकरून बघितलं तर पांढरी मुळं वीतभर खाली गेलेली. त्याला तसंच दाबून ठेवलं.

२६ जानेवारी

सकाळी दव, धुकं, दुपारी ऊन. पानांवर पिठासारखी बुरशी दिसली. दिराला फोटो पाठवला. लगेच फोन, "वहिनी, ही भुरी. आमच्याकडे तर हिच्यावाचून जानेवारी जात नाही. गंधक मारा, पण उन्हात नको." पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी. दाटी झालेली खालची पानं काढून टाकली. आठवड्याने पुन्हा एक फवारा, भुरी थांबली. तापमान तिशीच्या वर जायला लागलं की गंधक बंद करायचं, पानं करपतात.

२० फेब्रुवारी

पहिलं फूल. फिकट निळं, जांभळ्याकडे झुकणारं, सव्वा इंच रुंद. हे एक फूल नसतं, पुष्कळ बारीक फुलांचा गेंद असतो. कडेची फुलं आधी उमलतात, त्यांच्या पाकळ्या मोठ्या, झालरीसारख्या. मधली बारीक फुलं नंतर उघडतात, आणि त्यांतून पुंकेसर वर येतात तेव्हा टोचून ठेवलेल्या टाचण्या दिसतात. एक गेंद आठवडाभर टिकतो.

कडेच्या ओळीतली नऊ रोपं मात्र वेगळीच निघाली. मांडीच्या वर गेली आहेत, दांडे लांब, फुलं काळपट मरून. पहिल्या पाकिटावर 'ड्वार्फ' छापलं होतं, आत अॅट्रोपर्प्युरिया होतं. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर आलं की 'हवामानाप्रमाणे उंची बदलू शकते'. पैसे गेले. वाफ्यात ती विजोड दिसतात, पण फुलदाणीत सुंदर, म्हणून कापून घरात आणते आहे. लांब दांड्यांना काठी लागते.

पुढच्या वेळी ओळखायचं कसं? पाकिटावर लॅटिन नाव नसेल तर घ्यायचंच नाही. फोटोवर विश्वास ठेवायचा नाही, फोटो सगळ्यांचे सारखेच असतात.

१२ मार्च

वाफा भरला. फुलोरी मधमाश्यांचा दिवसभर राबता, सातेरी मधमाश्याही येतात. कळ्यांवर मावा आला होता. निंबोळी अर्क लिटरला ५ मिली, तोही सूर्यास्तानंतर, माश्या परतल्यावर.

या फुलाचा हंगाम लांबवायचा तर खुडणी. इथे मी सविस्तर लिहिते, कारण बाकी सगळं जमूनही इथे फुलं बंद पडतात.

पाकळ्या गळल्या की मागे हिरवी गोटी उरते. कळी पण हिरवी गोटीच असते. भाची सुट्टीत आलेली, तिला म्हटलं वाळलेली फुलं काढ. तिने मन लावून काम केलं आणि परडीत निम्म्या कळ्या होत्या. फरक असा: कळी वरून चपटी असते, बटणासारखी, आणि तिचे दाणे एकमेकांना घट्ट चिकटलेले. फूल झडलेली गोटी वर उचललेली, टोकाकडे निमुळती, आणि तिच्यावर बारीक काळपट कुसं. शंका आली तर बोटाने दाबायचं. कळी टणक लागते, झडलेली गोटी सुटी सुटी.

दुसरं म्हणजे कापायचं कुठे. गोटीच्या खाली नुसता शेंडा खुडला तर वीतभर रिकामा दांडा उभा राहतो, तो वाळतो, आणि महिन्याभरात वाफा काड्यांचा दिसतो. दांड्यावरून बोट खाली न्यायचं. जिथे पानांची जोडी लागते तिथे पानाच्या बगलेत बाजरीच्या दाण्याएवढा हिरवा डोळा असतो. त्याच्या लगेच वर कापायचं. तो डोळा दोनतीन आठवड्यांत पुढची कळी देतो. दांड्यावर डोळाच नसेल तर बुडाशी, झुबक्यातून. कात्री छोटी लागते, द्राक्षाची विरळणीची कात्री उत्तम. दिराकडून एक आणली ती परत दिलेली नाही.

आठवड्यातून दोनदा, चहा निवेपर्यंत होणारं काम आहे. पण एक आठवडा चुकला की गोट्या बी धरतात आणि झाड नव्या कळ्या थांबवतं.

२ एप्रिल

अवकाळी. गारा हरभऱ्याएवढ्या, पाच मिनिटंच पण फुलं झोडपली गेली. दिराच्या बागेचं काय झालं ते विचारवत नव्हतं. माझ्या वाफ्याचं नुकसान फुलांपुरतंच. मोडलेले दांडे बुडाशी कापले. सकाळी वाफ्यात पाण्याचा थेंब उभा नव्हता, शेजारच्या गुलाबाच्या आळ्यात तळं होतं.

१६ एप्रिल

वीट उभी केलेलं टोक आणि बाकीचा वाफा यांत आता इतका फरक आहे की येणारा प्रत्येक जण विचारतो, तिकडे वेगळी जात आहे का? जास्त शेणखताच्या टोकाला पानं मोठी, गर्द, लुसलुशीत, झाडं दीड फुटांवर जाऊन मधून फाकली आहेत, फुलं प्रत्येकी चारपाच. मुरमाड बाजूची झाडं फूटभर, घट्ट, पानं जरा फिकट, आणि एकेका झाडावर वीसच्या आसपास फुलं. बी एकाच पाकिटातलं, पाणी तेच. बुटकेपणा निम्मा जातीचा आणि निम्मा उपाशी ठेवण्याचा. मी लागणीनंतर एकदा मूठभर गांडूळखत दिलं, त्याउपर काही नाही. युरियाच्या वाटेला तर जाऊच नये.

८ मे

३९ अंश. कळ्या उमलण्याआधी करपताहेत, फुलं अर्ध्या आकाराची. ५० टक्क्यांची शेडनेट दुपारी बारा ते चार. चोवीस तास लावून बघितली, तर दांडे ताणून लांब झाले, म्हणून दुपारपुरतीच. पाणी आठवड्यातून तीनदा. फुलं आता थांबलीच समजायची. या महिन्यात ती ओढून ताणून आणायच्या फंदात पडू नये.

६ जून

झाडं एकतृतीयांश छाटली. वाळलेली खालची पानं निवडून काढली, मान मोकळी केली. उंच नऊ झाडं संपली, उपटली.

खरी परीक्षा आता आहे. वाफ्याच्या निम्म्या भागावर बांबूचा सांगाडा करून द्राक्षबागेतलं जुनं प्लॅस्टिक एका बाजूला उतार देऊन ताणलं, बाजू चारही उघड्या. बाजू झाकल्या तर आत वाफ कोंडते आणि पाऊस परवडला म्हणायची वेळ येते. बांबू ₹३६०. उरलेला निम्मा भाग उघडाच ठेवला, कारण सगळ्यांना मांडव घालणं शक्य नसतं आणि त्यांना आकडा हवा असतो.

विम्यापोटी बुडाजवळचे कोवळे फुटवे फेब्रुवारीतच काढून वाळूत लावले होते. तीनेक इंचाचा, बुडाशी थोडा पांढरा भाग असलेला फुटवा घ्यायचा. बहुतेक महिन्याभरात मुळावले. ते आता कुंड्यांत, पडवीत.

४ ऑगस्ट

झड लागली आहे. गंगापूर धरणातून विसर्ग, गोदाघाटाकडे जायची सोय नाही. उघड्या भागात मधली झाडं पिवळी पडून हातात येताहेत, मान काळी, वास कुजका. खत जास्त पडलेलं टोक उघड्या भागातच होतं, तिथलं एकही राहिलं नाही. एक झाड मात्र मान चांगली असूनही सुकलं. उपटलं तर मुळंच नव्हती, खाली पांढरी गुबगुबीत हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, तीही त्याच टोकाला. शेणखत पुरतं कुजलेलं नव्हतं हे आता कळतंय. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचते.

मांडवाखाली दोन झाडं गेली, दोन्ही उताराच्या खालच्या कडेची, जिथे प्लॅस्टिकवरचं पाणी पडतं. तिथे आता नळा अर्धा कापून पन्हाळ केली आहे. ही पहिल्याच दिवशी करायची गोष्ट.

५ ऑक्टोबर

हिशेब. मांडवाखालच्या १४ झाडांपैकी ११ उभी. उघड्या १३ पैकी ४, चारही डबराच्या कडेला लागून, म्हणजे निचरा सगळ्यात चांगला तिथे. मेलेल्या जागी पडवीतली फुटव्यांची रोपं लावली. खडीचा थर पावसाने मातीत गेला होता, नवा टाकला.

पहिल्या वर्षाचा खर्च ₹४,१०० च्या घरात. बी, मुरूम, क्रश सँड, मजुरी आणि बांबू हे वर आलेच, बाकी ट्रे, कोकोपीट, शेणखत, गंधक, शेडनेटचा तुकडा. नळी, प्लॅस्टिक, कात्री, डबर फुकट होतं, तेही विकत घ्यावं लागलं तर पाच हजारांच्या वर जाईल. यातला मोठा खर्च वाफ्याचा आहे, तो पुन्हा होत नाही.

१८ डिसेंबर

जुन्या झाडांना फूल यायला फेब्रुवारी लागली नाही, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सुरुवात झाली. झाडं वीतभर जास्त रुंद, पण दोनतीन मधून पोकळ आणि लाकडी. ती उकरून कडेचे मुळांसकट तुकडे वेगळे केले, मधला लाकडी भाग टाकून दिला. तुकडे लगेच धरले. दोन वर्षांनी सगळ्याच झाडांचं असं करावं लागेल असं दिसतंय.

माळीदादांनी परवा दोन रोपं मागितली, त्यांच्या दुसऱ्या एका बंगल्यासाठी. दिली. तिथल्या मालकीणबाईंना त्यांनी आधी मुरूम मागवायला सांगितलाय.

जूनपर्यंत करायचं: मांडव पूर्ण वाफ्यावर, पन्हाळीसकट. विटेकडच्या टोकाची माती खांदून तिथे मुरूम वाढवायचा. हुमणीसाठी मातीत मेटारायझियम, म्हणजे तिला मारणारी बुरशी. आणि पुन्हा फेब्रुवारीत फुटवे काढायचे, या वेळी पडवीत मावतील तेवढेच.